मालक : १०२७

शहापुरात, खडेबाजारच्या मागच्या बोळात
होनगेकरांचा छापखाना.
दारातच शाईचा आणि रॉकेलचा वास.
आत कपाटावर, गणपतीच्या फोटोशेजारी
तो काळा डबा, दोन हिरवे दिवे लुकलुकणारा.
त्याच्या पोटात एकोणीस वर्षांच्या लग्नपत्रिका.

'उघडूलालंय की,' शिवलीला म्हणाली,
'पण सेव्ह कराय गेलं की नको म्हणूलालंय.
आणि मोनाप्पांचं फोल्डर तर उघडेचना.
उद्या सकाळी कार्डं द्यायचीत बैलहोंगलला.'

डॉक्टर आधी जीभ बघतो, तसा मी आधी केबल बघतो.
केबल धड होती.

या डब्याला दोन दारं.
बाहेरचं म्हणतं, या, बसा, सगळं तुमचंच.
आतलं म्हणतं, वाचा हवं तेवढं, लेखणी बाहेर ठेवा.
दोघांत जे कडक, त्याचं चालतं.
शिवलीला दोन गटांत होती :
'डिझाइन' गटाला होय,
'नवीन' गटाला नाही.
एका नाहीपुढं दहा होय हात टेकतात.
हा नियम कुणी केला ठाऊक नाही,
पण आमच्या भागात तो समजावून सांगावा लागत नाही.

'नवीन'मधून तिला काढलं. तरी होईना.
'लॉग आउट हो, परत ये.
त्याला अजून तुझी सकाळचीच ओळख आठवते.'
ती उगीचच खुर्चीतून उठून
दारापर्यंत जाऊन आली.
दोघंही हसलो. सेव्ह झालं.

राहिलं मोनाप्पांचं फोल्डर.
गुणधर्म उघडले. मालक : १०२७.
नाव नाही, नुसता आकडा.

अण्णा काउंटरवरून म्हणाले,
'श्रावणात गेला तो. दहाव्यानंतर मीच खातं पुसलं.
माणूसच नाही, तर नाव लावून काय करायचं, म्हटलं.'
पण डब्याला कोण सांगणार?
१०२७ येईल, कडी वाजवेल
म्हणून तो आतून दार लावून बसलेला
श्रावणापासून.

मालकी घ्यायला एक बटण असतं,
खाली बारीक चौकोन : आतल्या सगळ्यांना लागू करा.
मी बाण तिथं नेला, आणि जरा थांबलो.
अण्णा शाईचे हात पुसत मागं येऊन उभे राहिले.
'दाब,' म्हणाले. 'होऊ दे.'

आत फार काही नव्हतं.
बायकोच्या औषधांची चिठ्ठी, स्कॅन केलेली.
एका बोरवेलची पावती.
आणि एक फाइल : 'आडनावं'.
डावीकडं कानडी, उजवीकडं मराठी.
हट्टीहोळी, मुतगेकर, अंगडी, बेन्नाळकर...
कुठं ळ, कुठं ल,
कानडीत कुठला ए आखूड, कुठला लांब,
जो फरक आपल्या बाराखडीत मावत नाही.
मधे मधे शेरे :
'यांना फोन करून घेणे. मागच्या खेपेला रागावले.'
एका ओळीपुढं :
'दोन्ही बरोबर. वरपक्ष म्हणेल तसं.'

बैलहोंगलचं आडनाव बाविसाव्या पानावर सापडलं.
'वाचून बघा हो, मी बरोबर उतरवलंय का?'
मी बाजारात कानडी बोलतो, भांडतोसुद्धा.
वाचतो ते दुकानांच्या पाट्यांपुरतं,
अक्षराला अक्षर जोडत. लिहिता येत नाही.
'मला नुसती वाचायची परवानगी आहे,' म्हटलं,
'तीही बोट ठेवून.'
बोट ठेवून वाचलं. बरोबर होतं.

ती फाइल सगळ्यांना खुली केली, लिहायलाही.
'कुणी बिघडवलं तर?' अण्णांनी विचारलं.
'रोज रात्री एक प्रत निघेल,' मी म्हटलं.
त्यावर ते काही बोलले नाहीत.

बिल चारशे सांगितलं, साडेतीनशे मिळाले.
चपला घालताना ऐकू आलं,
मोनाप्पांचं स्वतःचं आडनाव यादीत नव्हतंच,
शिवलीला ते भरत होती शेवटच्या ओळीत
आणि अण्णांना विचारत होती,
'सुळगेकरांतला गे आखूड, का लांब?'
अण्णांना सांगता येईना.