चेनला तेल

कबूल करतो, चेनला तेल मी रमजानच्या आधी घातलं होतं.
कुठल्या रमजानच्या, ते विचारू नका.

एकदा फलाफलवाल्याचं उरलेलं तेल घातलं,
तर आठवडाभर शारजाच्या सिग्नलांवर
तळणीचा वास, आणि पार्किंगमध्ये दोन मांजरी मागे.

मागचा ब्रेक कोकलतो,
म्हणून हॉर्न दुरुस्त करावा लागला नाही.
मीटर एकोणचाळीस हजारांवर रुसून बसलंय,
तेव्हापासून सर्व्हिसची वेळच येत नाही.

इर्शादभाईने एअर फिल्टर फरशीवर आपटला:
ओंजळभर वाळू.
"शेवटचा कधी साफ केलास?"
"गेल्याच महिन्यात," मी म्हणालो.
मी. चिपळूण आयटीआय, मोटर मेकॅनिक, फर्स्ट क्लास.
तो काही बोलला नाही. झाडू घेऊन आला.

शुक्रवारी अण्णांचा फोन.
त्यांना गाडी चालवता येत नाही.
पण पडवीतली माझी जुनी गाडी
ते जुन्या बनियनने पुसतात,
चेनवर थेंब थेंब तेल सोडतात, दात मोजल्यासारखे,
मग स्टँडवरच किक मारून
फोन सायलेन्सरजवळ धरतात.
"ऐक. एका किकला."

मी ऐकतो. सावली म्हणून
कॅफेटेरियाच्या बोर्डाखाली उभा राहून.
"आणि तुझी तिकडची?"
"मस्त आहे, अण्णा."

तेवढ्यात ऑर्डर वाजते.
दोन बिर्याणी, अल नाहदा, बारा मिनिटं.
फोन आधी बंद केला,
मग सेल्फ मारला.
खर्र.
परत मारला.