शेपटीचं 'ली'

अशोक चौकात, रंगाऱ्याच्या दुकानावर
माझा रात्रीचा इंग्रजीचा वर्ग.
जिन्यात ओल्या सुताचा वास,
कठड्याला निळे डाग,
फळ्याचा एक कोपरा तुटलेला.

सोमवारचा धडा : शब्दाला 'ली' लागलं की क्रियाविशेषण होतं.
स्लो, स्लोली. क्विक, क्विकली.
इथवर सगळे खूश.
मग मीच म्हणालो, काही शब्द मात्र
शेपूट लागलं की ओळख देत नाहीत.

जमीर सवयीनं उशिरा आला,
दारातूनच : सॉरी सर, आय केम लेटली.
लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली.
तो म्हणाला, हल्लीच होतोय सर उशीर,
बेकरीत पाळी बदलल्यापासून.

निअर सोपा गेला, तो मराठीतच होता :
जवळ, आणि जवळजवळ.
एकदा म्हटलं तर हात लागतो,
दोनदा म्हटलं की माणूस पोचत नाही.
बी. ए.ला मी जवळजवळ पहिला आलो होतो.
हे वर्गात सांगत नाही.

अनसूया गज्जमच्या वहीत होतं :
माय फादर वर्क्स हार्डली.
लाल पेनानं मी 'ली' खोडलं.
हार्ड, अनसूया. मर मर राबणं.
हार्डली म्हणजे नसल्यातच जमा.
ती बसूनच म्हणाली,
सर, गड्ड्याच्या जत्रेपासून कारखाना बंद हाय.
एखाद्या दिवशी कुणी बोलावतं गाठी मारायला,
तेवढंच.

तेव्हा लक्षात आलं,
हल्ली मला ओरडून का शिकवावं लागत नाही.

खोडलेलं 'ली' मी परत लिहिलं.
म्हणालो, मग हा शब्द क्रियापदाच्या आधी घे.
तिनं घेतला.
वाक्य बिनचूक झालं,
त्यावर बरोबरची खूण करायला
माझा हात उचलेना.

शनिवारी तिचे वडील आले, अर्धी फी घेऊन.
सार, पोरगी कशी शिकायलीय?
हार्ड, तोंडातून निघून गेलं.
म्हंजे?
म्हणजे मन लावून. जीव तोडून.
त्यांनी मान हलवली,
फळ्याशी गेले,
चादरीची किनार बघावी तशी
एका अक्षराची कड अंगठ्यानं चाचपली
आणि लागलेला खडू
कुठंच न पुसता
जिना उतरून गेले.