मापाची वही

सुभाषनगरात दर थंडीला
सायकलवर शालींचं गाठोडं लादून अहद मागरे यायचा.
चहात चिमूटभर मीठ टाकायचा.
आई पदराआड हसायची
आणि मिठाची बरणी त्याच्या हाताशी सरकवायची.

अप्पांनी वही उघडली, म्हणाले, "पाय ठेवा."
उजवा पाचही बोटांनी उमटला.
डाव्याला अंगठा नव्हता, शेजारचं बोटही.
पायालाच अंगठा नाही
तर चपलेचा अंगठा अडकवायचा कशात?
अप्पा रापी खाली ठेवून बघत राहिले.
"बर्फात गेली," अहद म्हणाला,
पोरं इचलकरंजीला कामाला गेली, असं सांगावं तसं.

गोष्ट त्यानं एका बैठकीत कधीच सांगितली नाही.
एका वर्षी पूल सांगितला,
पुढच्या वर्षी पुलाखालचं पाणी.
तो राजाच्या फौजेत बिगूलवाला.
सत्तेचाळीसच्या मार्गशीर्षात पलटण फुटली,
सुभेदार रातोरात गेला, घोड्यासकट.
मागं उरला गाव: दोन मेंढपाळ, एक पाणचक्कीवाला,
बायका, म्हातारे, आणि दोन बंदुका.
गोळ्या मोजायला एका हाताची बोटं पुरत होती.
पलीकडच्या शेकोट्या मोजवत नव्हत्या.

त्यानं बिगूल उचलला.
पुलापाशी फुंकला, मग ओढ्यातून धावत
टेकाडावर फुंकला, मग देवदारांच्या मागं,
चार वाटांनी चार पलटणी आल्यासारखा.
डावा बूट ओढ्यात राहिला, तो वळला नाही.
अशा तीन रात्री.
चौथ्या पहाटे पलीकडं नुसती राख होती.
ओठांची कातडी पितळेला चिकटून निघाली होती.
पायाचं त्याला नंतर कळलं.

"मग पदक?" मी विचारलं. मी तेव्हा तिसरीत.
अप्पांनी डोळे वटारले.
अहदनं शालीच्या घडीतून कागद काढला, घड्यांवर विरलेला.
त्याच्या नावापुढं एकच शब्द: फरार.
"बरोबर आहे," म्हणाला,
"पलटण जमली तिथं, हजेरीला, मी नव्हतो."

अप्पांनी कागद होता तसा घडी करून परत दिला.
दोरा मेणावरून ओढला.
डाव्या चपलेला टाचेमागून वादी काढली,
पुढं रुंद पट्टा, आतून बकऱ्याचं मऊ कातडं.
"करकर ठेवू का न्हाई? विंचू घालू?"
अहद पहिल्यांदाच मोठ्यानं हसला.
"जास्त घाला, मिस्त्री.
एक माणूस चार वाटला पाहिजे."

तो गल्लीतून निघाला की कुत्री उठून बसायची.

मग एका थंडीला आला नाही. पुढच्याही नाही.
नवा जोड खुंटीवर तेल पीत राहिला.
दुसऱ्या कुणाला बसलाही नसता.

परवा दुकान आवरताना वही निघाली.
पेन्सिलीची रेघ टाचेपासून सुटते,
करंगळीला वळसा घालते, तीन बोटं चढते, उतरते,
आणि पुढं सरळ जाते, वळायला हवं तिथं.
शेजारी अप्पांचं गिचमिड अक्षर:
मागरे. डावा.
आणि त्याखाली, दुसऱ्या शाईत,
हजर.