साडेबाराचा ठोका

थोरा लिनक्लेटर यांनी दार उघडलं
ते अंगात कोट घालूनच.
"दुपारचे तीन वाजलेत," त्या म्हणाल्या,
जणू त्यात सगळं आलं.

आलंच होतं.
स्ट्रोमनेसच्या या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे:
रात्रीची स्वस्त वीज भिंतीकडेच्या खोक्यात शिरते,
आतल्या विटा तापत राहतात,
पहाटे, कुणी उठायच्या आत, ऊब उधळून मोकळ्या होतात,
आणि माणूस संध्याकाळी गारठून घरी आला
की हात वर करतात.

चाळीस वर्षं हे घर त्या खोक्याच्या वेळेने चाललं.
रात्रीचं जेवण चारला. आंघोळ पहाटे.
भांडायचं तर तेही सकाळीच;
संध्याकाळी पांघरुणातून तोंड काढून कोण भांडणार?

पुढच्या मंगळवारी टोमाशने पत्रा उचकटला.
काळपट विटा, वरवंट्यासारख्या जड.
दोन दिवस बंद होतं सगळं,
तरी मधल्या काही कोमट लागल्या,
की मलाच तसं वाटलं.
जिन्यावरून एकेक खाली. चौतिसाव्या विटेला
माझ्या कंबरेने राजीनामा दिला.

खोक्यामागे धूळ, विणायची एक सुई,
आणि करडा मोजा, एकच,
टाच करपलेली, पापडासारखा कडक.
त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.
"म्हणजे बोटीवर नव्हता हरवला."
मी पान्हा शोधायचं सोंग घेतलं.
"एकोणीस वर्षं ऐकवत होते मी एरलंडला,
पायातलं तरी पायात राहू दे म्हणून.
जाईपर्यंत ऐकवलं."
मोजा कोटाच्या खिशात गेला.

मग भिंत. दोन फूट दगड.
बाहेर पंखा टांगायला गल्लीत जागा नाही,
म्हणून हा छोटा हीट पंप, सगळा आतच,
आणि भिंतीला बशीएवढी दोन भोकं:
एक वारा घ्यायला, एक सोडायला.
ड्रिल किंचाळलं, बिशप नावाचं मांजर कपाटावर चढलं,
दगडाचा गाभा सुटून आला
आणि भोकात एकदम बंदर:
लाल बोया, अर्धी फेरी, बाकी करडं पाणी.
त्या वाकल्या. वारा सरळ डोळ्यांत.
"यातून तू ऊब काढणार?"
"हो."
"आहे का यात?"
"आहे थोडी. पिळून काढावी लागते."
"माझे सासरे असेच होते," त्या म्हणाल्या.
"दोनदा निघाली."

संध्याकाळी सहाला यंत्र घुमत होतं,
झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकंच.
त्यांनी कोट काढला
आणि तो हातात घेऊन उभ्या राहिल्या;
या वेळेला कोट कुठे ठेवतात, आठवेना.
बिशप मात्र गालिच्यावरच्या चौकोनी ठशावर बसला,
खोकं होतं तिथेच,
आणि आमच्याकडे पाहत राहिला, वसुलीला आल्यासारखा.

नऊ दिवसांनी फोन.
"तक्रार नाही," आधीच सांगितलं त्यांनी.
"काल रात्री आठला जेवले. सूप. बाहीवर करून.
फक्त ते साडेबाराला ठक् व्हायचं ना,
मीटरपाशी, वीज सुरू होताना?
एरलंड म्हणायचा, लागली रात्र, आणि कूस बदलायचा.
मी अजून त्याच वेळेला जागी होते.
ते होत नाही. मग मी वाट बघत बसते.
याचं काही मिळतं का?"
मी म्हटलं, असा भाग नसतो हो.
फोन ठेवला.

व्हॅनच्या तळाशी जुन्या मीटरचा एक टायमर होता,
भंगारात द्यायचा राहिलेला.
शुक्रवारी तो त्यांच्या जिन्याखालच्या कपाटात बसवला.
घड्याळापुरती वीज. पुढे काहीच जोडलेलं नाही.
साडेबाराला ठक् करतो, बस.

कामाच्या कागदावर काय लिहावं सुचेना.
टोमाशने पेन घेतलं, पोलिश वळणाच्या अक्षरात लिहिलं:
किरकोळ.