मानपत्र

प्राचार्यांनी बाळगोंडाचं बाबगोंडा केलं.
मगदूम अण्णा उठले तरीही.
शाल खांद्यावरून घसरतेय, नारळ कुठं ठेवावा कळेना,
शेवटी माझ्याच हातात दिला.

मानपत्रात ‘कलाशाखेचे आधारस्तंभ’ वगैरे.
पूर दीड ओळीत आटोपला.

मला कृष्णा आठवते ती ग्रंथालयाच्या तिसऱ्या कप्प्यापर्यंत.
तर्कशास्त्र, पाली, अर्धमागधी, मराठीचे कोश
फुगून एकमेकांना चिकटलेले.
रद्दीवाला येऊन भाव सांगून गेला होता.
मग मार्केट यार्डातून दोन टेम्पो आले,
हळदीची वखार रिकामी केलीय म्हणाले,
ऐन तेजीत.

सतरा दिवस फरशीभर पुस्तकं
आणि त्यांच्यामधून उकिडवा सरकत जाणारा हा अडत्या,
हमालांवर खेकसणारा :
थुंकी लावू नका रं, कागद ओला हाय.

आता माईकसमोर घसा खाकरून म्हणतात,
‘मी काय वाचलं न्हाई. उलटली फकस्त. एकेक पान.’
थांबतात.
‘एका पानावर जरा येळ गेला.’
कुठल्या, ते सांगत नाहीत.
टाळ्या. चहा. द्रोणातून भडंग.

यंदा तत्त्वज्ञानाला चार मुलं आहेत.
त्यातल्या प्रणोती आवळेनं परवा विचारलं,
सर, ह्या पुस्तकांच्या कडा पिवळ्या का?
जुनी आहेत, म्हणालो.

तिनं बोट हुंगलं
आणि माझ्याकडं बघत राहिली.