मिस व्हर्नाच्या खुणा

एलायस हिस्कॉक यंत्र घेऊन आला
जुन्या स्वेटरात गुंडाळून, काखेत धरून,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"बघ गं ऑलिव्ह, काल धुक्यात मध्येच डोळे मिटले त्यानं."

मी मागचे चार स्क्रू काढले.
आतल्या पट्टीवर हिरवा गंज, मिठाची साय.
भाग मिळाला तर अर्ध्या तासाचं काम.
भाग मिळत नाही.

हे बनवणारी कंपनी दोन भाऊ चालवायचे.
फोन केला की धाकटा स्वतः उचलायचा,
आधी वारा विचारायचा, मग बिघाड.
ती दुसरीनं घेतली. दुसरीला तिसरीनं.
तिसरीला कुठल्याशा पैसेवाल्या गटानं,
ज्यानं त्याच वर्षी गवत कापायच्या यंत्रांचा कारखानाही घेतला.
दर वेळी पत्र आलं: ग्राहकांसाठी आनंदाची बातमी!
दर वेळी माझ्या मांडणीतला एक डबा रिकामा झाला.

आता मांडणीवर तीन नावं, तीन रंग.
मी तिन्ही उघडून पाहिलीत.
एकाच आईची तीन लेकरं,
निरनिराळ्या टोप्या घालून गिऱ्हाइकाला हसणारी.
प्लग मात्र तिघांचे तीन.

मदतीचा नंबर लावला. चाळीस मिनिटं पियानो.
मग कुठल्या तरी उन्हातल्या शहरातून एक मुलगी म्हणाली,
या मॉडेलला आता आधार नाही.
मी म्हटलं, बाई, त्याच्या आधारावर एक माणूस आहे.
आणखी काही मदत करू का, तिनं विचारलं.
तिला काय बोलायचं. तिच्याही पुढ्यात पडदाच असणार.

नव्याची किंमत म्हणजे खेकड्याच्या हंगामाचे तीन आठवडे.
नकाशाची वर्गणी वेगळी, दर वर्षी.
"म्हणजे समुद्र भाड्यानं?"
समुद्र नाही, म्हटलं, त्याची खोली.

एलायस बराच वेळ स्वेटरची घडी घालत राहिला.
"आणि माझ्या खुणा?"

तीनशे अठ्ठ्याऐंशी होत्या.
जुनं कार्ड नव्यात बसत नाही.
मग बॅटरीला तारा जोडून मी त्याला उठवलं;
चार मिनिटं जगायचं, तापायचं, विझायचं.
तो वाचायचा, मी पोरीच्या गणिताच्या वहीत उतरवायचे
अंश, कला, दशांश.
जुनं यंत्र नावाला आठच अक्षरं द्यायचं.
"बापखडक". "विल्फबूट". "चहा", कारण तिथं इंजिन बंद करून चहा.
यंत्र निवेपर्यंत तो विल्फच्या बुटाची गोष्ट सांगायचा,
दर वेळी बूट थोडा मोठा.

दोनशे अकरावी खूण: "नको".
त्यानं आकडे वाचले. मी लिहिले.
तेव्हा यंत्र तापलेलं नव्हतं, तरी तो थोडा थांबला.

पहाटे तीनशेच्या पुढं कुठंतरी ते कायमचं गेलं.
उरलेल्या त्यानं डोळे मिटून सांगितल्या, बापानं शिकवल्या तशा:
चर्चचं टोक पार्डीच्या शेडवर येऊ दे,
मग दीपगृह मोकळं दिसेतो बाहेर.
चर्च विकलं जाऊन सहा वर्षं झाली, तीन गावांचं मिळून आता एकच.
टोक उतरवलं. शेड जळाली.
तरी मी लिहून घेतलं, टोक, शेड.

"किती झाले?"
वहीचे दोन डॉलर.

मे महिन्यात नवं यंत्र बसवलं मिस व्हर्नावर.
काच मोठी, रंग असे की किनारा पेढ्यासारखा दिसतो.
नाव चोवीस अक्षरांचं चालतं; त्यानं एकही वाढवलं नाही.
शेवटची खूण घातली तसा पडदा बोलला:
तुमच्या खुणा आमच्याबरोबर वाटून घ्याल?
"होय" हिरवं, अंगठ्याएवढं.
"नको" खाली कोपऱ्यात, राखाडी,
चष्म्याशिवाय दिसणार नाही असं.

एलायसनं चष्मा काढला, पुसला, घातला.

परवा धक्क्यावर भेटला.
रोज सकाळी विचारतं गं, म्हणाला.
रोज सकाळी.