नऊ नग

दिवाळीनंतर उद्यमबागेतल्या शेडमध्ये
नऊ पिंजरे केले मी.
मधे दांडा, वर पट्टीचं कडं,
कड्याला लोंबत्या साखळ्या, खाली टोपली.
ड्रॉइंगवर मालकानं लिहिलेलं एवढंच:
बगीचा, ९ नग.
मला वाटलं, वेलींसाठी.
दस्तगीर म्हणाला, कोंबड्यांसाठी.
कोंबड्यांना साखळ्या कशाला रे?
तो गॅस बंद करून चहाला गेला.

परवाच्या रविवारी भाचीनं
तिसऱ्या गेटापलीकडच्या बागेत ओढून नेलं,
आणि बघतो तर काय,
सोनमोहराखाली उभा माझा एक नंबर!
अंगावर पिवळा रंग, डोक्यावर झेंडी.
पुढं गवतात दुसरा, बाकापाशी तिसरा,
पोरं लग्न होऊन गेल्यासारखी पांगलेली.

बोर्डावर वर कन्नड, मधे इंग्रजी,
खाली कुणीतरी खडूनं: नवशिक्यांसाठी सोपं.
हे खडूवालं मी दोनदा वाचलं.

शिवलीला टीचर, धारवाडकडची,
गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट,
तिनं हातात चकती दिली.
ताटलीपेक्षा जड, झाकणापेक्षा हलकी.
म्हणाली, मामा, पार तीन.
आमच्याकडं पार म्हणजे वडाखालचा,
बसायचा, तंबाखू मळायचा.
इथं पार म्हणजे तीन फेकीत
टोपलीत गेली पाहिजे की.

पहिली गेली वॉकिंगवाल्या वकिलांच्या पायात.
सॉरी सर.
दुसरी नीलगिरीला थडकून माझ्याच मागं.
तिसरी जमिनीवर पडली ती कडेवर उभी राहिली
आणि जुन्या रुपयासारखी गडगडत
उतारानं परत आली, पायाशी निजली.
भाची पोट धरून हसली.
मीपण हसलो, पण जरा उशिरा.

टीचर म्हणाली, मनगट नको, कंबर.
आणि बिडरी मामा, बिडरी!
धरून ठेवताय तुम्ही.

खरं होतं तिचं.
पस्तीस वर्षं या हातानं धरलंच की.
होल्डर धरला, सांडस धरली,
ठिणगीपुढं श्वास धरला.
सोडायचं कधी, हे कुणी शिकवलंच नव्हतं.
सोडली ती तंबाखू फक्त,
तीही दोनदा.

सातव्याच्या कड्याला एक जाड टाका दिसला,
मुंग्यांच्या वारुळागत फुगलेला.
त्या दिवशी लाइट खालीवर होत होती,
ग्राइंडर मारायचा राहिला.
मी बोट फिरवलं. टीचरला काही बोललो नाही.
मागं मागं येऊन खुणेच्या विटेवर उभा राहिलो,
एक डोळा झाकला, मग दोन्ही उघडले,
आणि कंबर वळली तसा
हात कुठं उघडला ते मलाच कळलं नाही.

चकती आधी उजवीकडं निघाली,
जणू आपला काही संबंध नाही,
मग सावकाश डावीकडं झुकत झुकत
सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत...

छन्न.

शेडमध्ये साखळी वाजली की आम्ही ओरडतो,
कोण आदळतंय रे!
इथं ती वाजली
आणि बाकावरच्या म्हाताऱ्या बाईनं टाळी दिली.
माझी ती पाचवी फेक होती, पार तीनला.
भाचीनं वहीत पाच लिहिलं,
खोटं लिही म्हटलं नाही मी.

आठव्याला चकती जांभळीत अडकली.
पोरांनी चपला मारल्या, एक चपलही अडकली.
नववं मग राहिलंच.

सोमवारी दस्तगीरला म्हटलं,
कोंबड्यांसाठी नाहीत रे ते.
मग कशाला?
मी रंगाच्या डब्याचं झाकण त्याच्या हातात दिलं.
धर. अंगठा वर. आता कंबर फिरव.
आता बिडु.

झाकण पत्र्यावर आदळलं.
मालक बाहेर आला.